खोकला छातीचा, दुखणे पोटाचे

आषाढ लागला की भोरच्या पश्चिमेकडील डोंगरांवर पाऊस कोसळू लागतो, भातखाचरे भरतात आणि घरांच्या भिंतींना ओल चढते. चातुर्मासाचा प्रारंभही याच दिवसांत होतो. पुणे जिल्ह्यात फ्ल्यूसारख्या विषाणुजन्य श्वसनविकारांचा जोरही बहुधा याच काळात, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये वाढतो. धर्माराधनेचे दिवस आणि खोकल्या-तापाचे दिवस असे एकत्र येतात. निरोगी माणसाच्या बाबतीत त्याची फारशी चिंता नसते. परंतु ज्याची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत, त्याच्या बाबतीत विषाणूचा संसर्ग छातीपुरता राहत नाही. तो हृदयापर्यंत, मूत्रपिंडापर्यंत आणि क्वचित पोटात खोलवर दडलेल्या एका अवयवापर्यंत पोहोचतो. तो अवयव म्हणजे स्वादुपिंड. घरात वृद्ध व्यक्ती खोकत असताना कोणाचेही लक्ष तिच्या पोटाकडे जात नाही, आणि धोका नेमका तेथेच असतो.

जुना श्वसनविकार म्हटले की विडी-सिगारेट डोळ्यांसमोर येते. ती न ओढणाऱ्या कुटुंबांना वाटते, हा आजार आपल्या घरचा नव्हे. ही समजूत चुकीची आहे. पुण्यातील श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या विकाराचा, विस्तृत आढावा घेतला. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, बालपणी वारंवार झालेले छातीचे संसर्ग, जुना क्षयरोग आणि नीट उपचार न झालेला दमा ही त्याची कारणे आहेत. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेली आजी, मिरची-हळदीच्या पोत्यांत आयुष्य काढलेले आजोबा, आडतीवर धान्याची धूळ श्वासात घेणारा मुनीम ही सारी माणसे या आजाराच्या वाटेवर असतात. जिना चढताना लागणाऱ्या धापेला ‘आता वय झाले’ म्हणून सोडून देण्याचा प्रघात मात्र घरोघरी दिसतो.

विषाणूंच्या बाबतीत पुणे जिल्ह्याचा अनुभव मोठा आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये भारतातील स्वाइन फ्ल्यूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. या दोन्ही साथींमध्ये जुन्या श्वसनविकाराचे आणि मधुमेहाचे रुग्ण अधिक भरडले गेले. कोविडच्या काळात जगभरातील डॉक्टरांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. छातीच्या आजारासाठी दाखल झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात स्वादुपिंडातील विकरांचे प्रमाण वाढलेले होते, काहींना स्वादुपिंडाचा दाह झाला होता, आणि त्याहून कितीतरी अधिक रुग्णांची रक्तशर्करा अचानक उसळली होती.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. त्याची कामे दोन. अन्नातील पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश पचवणारी विकरे तयार करून आतड्यात सोडणे हे पहिले. इन्सुलिन तयार करून रक्तातील साखर ताब्यात ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामात बिघाड झाला, तर अन्न पचवणारी विकरे आतड्यात जाण्याआधीच जागी होतात आणि खुद्द स्वादुपिंडालाच पचवू लागतात. यालाच तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. दुसऱ्या कामात बिघाड झाला, तर साखर वाढते. श्वसनाचा संसर्ग या दोन्ही कामांवर आघात करू शकतो.

हा आघात तीन वाटांनी होतो. पहिली वाट थेट विषाणूची. गालगुंडाचा विषाणू स्वादुपिंडाला सूज आणतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोविडचा विषाणू पेशींत शिरण्यासाठी ज्या प्रथिनाचा आधार घेतो, ते स्वादुपिंडातही असते. फ्ल्यूमध्ये असा दाह झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अगदी विरळ. दुसरी वाट प्राणवायूच्या कमतरतेची. संसर्गाने फुप्फुसे आणखी निकामी झाली आणि रक्तदाब कोसळला, की स्वादुपिंडाला रक्त व प्राणवायू अपुरा पडतो. तिसरी वाट औषधांची आणि आजाराच्या ताणाची, आणि सर्वाधिक रहदारी हिच्यावरच असते. श्वासनलिकांची सूज उतरवण्यासाठी दिलेली स्टेरॉइडे इन्सुलिनचे काम मंदावतात. तापाचा ताणही तेच करतो. ज्याच्या स्वादुपिंडात आधीच फारशी शक्ती उरलेली नाही, त्याची साखर मग झपाट्याने चढते.

येथे प्रमाणाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. खोकला-तापाच्या रुग्णांपैकी फारच थोड्यांना स्वादुपिंडदाह होतो. पण ज्यांना होतो, त्यांची स्थिती नाजूक असते. २०२० मध्ये अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून तीव्र स्वादुपिंडदाहाच्या १७७७ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १४९ जणांना त्याच वेळी कोविडचा संसर्ग होता. या १४९ जणांमध्ये आजार अधिक गंभीर होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसले. प्रत्येकाचा दाह विषाणूनेच झाला, असे यावरून सिद्ध होत नाही. फुप्फुसे आणि स्वादुपिंड एकाच वेळी आजारी पडणे शरीराला फार जड जाते, एवढे मात्र निश्चित होते.

रक्तशर्करेची कथा मात्र विरळ नाही. ती महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिली. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेली ‘काळी बुरशी’, होऊ लागली. कोणाचा जबडा गेला, कोणाचा डोळा काढावा लागला. जून २०२१ अखेर देशातील नोंदलेले रुग्ण ४० हजारांवर गेले होते, आणि महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णसंख्या असलेल्या राज्यांपैकी एक होता. या रुग्णांपैकी बहुतेकांच्या बाबतीत दोन गोष्टी समान होत्या : ताबा सुटलेली साखर आणि स्टेरॉइडांचा वापर. वास्तविक स्टेरॉइड हे येथे शत्रू नव्हे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की ज्यांना प्राणवायू लावावा लागतो अशा कोविडरुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र या औषधाचा काहीही लाभ झाला नाही. औषध योग्य होते. ते कोणाला, किती दिवस आणि साखरेवर कोणती नजर ठेवून द्यायचे, याचा विवेक अनेक ठिकाणी सुटला.

तो विवेक घरातही सुटू शकतो. समजा, भोरजवळील उत्रोलीत राहणारे सत्तरीचे एक व्यापारी गृहस्थ आहेत. वीस वर्षांचा दम्यासारखा त्रास, सौम्य मधुमेह, सकाळी एक गोळी. पावसाळ्यात नातवाची सर्दी त्यांना लागते, धाप वाढते आणि डॉक्टर पाच दिवसांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून देतात. सून दक्ष असते. ती रोज सकाळी उपाशीपोटी साखर मोजते आणि आकडा ठीक पाहून निश्चिंत होते. येथेच फसगत होते. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडमुळे साखर दुपारनंतर चढते, संध्याकाळपर्यंत वर राहते आणि रात्रीतून पुन्हा उतरते. सकाळची मोजणी ही चढण पाहूच शकत नाही. म्हणून स्टेरॉइड चालू असेपर्यंत साखर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळच्या जेवणापूर्वी मोजावी. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ त्यासाठी अगदी योग्य असते. दुकानाचा रोजमेळ लिहावा, तसे हे आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. आकडा वारंवार २०० च्या वर जात असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. तो ३०० च्या घरात गेला किंवा उलट्या, ग्लानी, अतिशय तहान अशी लक्षणे दिसली, तर रुग्णालय गाठावे. मात्र साखर वाढली म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करू नये, आणि धाप कमी झाली म्हणून जुन्या चिठ्ठीवर पुढे चालूही ठेवू नये.

आता दुखण्याविषयी. स्वादुपिंडदाहाची वेदना पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी सुरू होते आणि आरपार पाठीत गेल्यासारखी जाणवते. ती येऊन-जाऊन नसते. तासन्‌तास सलग राहते. उताणे झोपल्यास वाढते, पुढे वाकून बसल्यास किंचित उतरते. उलट्या होतात, पण उलटी होऊनही आराम पडत नाही. आपल्याकडे अशा दुखण्याला पहिला शब्द मिळतो तो ‘ॲसिडिटी’. मग ओवा, सोडा, थंड दूध आणि दुकानातून आणलेली गोळी यांत रात्र निघून जाते. खोकून खोकून पोटाचे स्नायू दुखतात, हेही खरे. पण ते दुखणे दाबल्यावर, हालचाल केल्यावर वाढते आणि आडवे पडल्यावर थांबते. पाठीत जाणारी सलग वेदना आणि उलट्या यांचे कारण घरी शोधू नये. वृद्ध माणसात असेच दुखणे हृदयविकाराचेही असू शकते; म्हणून पोटाच्या तपासणीबरोबर हृदयाचा आलेखही काढला जातो.

तपासणीच्या अहवालाचा अर्थ लावतानाही घाई नको. रक्तातील लायपेज किंवा अमायलेज थोडे वाढलेले दिसले, म्हणजे स्वादुपिंडदाह झाला असे नव्हे. गंभीर संसर्गात, मूत्रपिंडे मंदावल्यावर, लाळग्रंथी सुजल्यावरही हे आकडे वाढतात. विशिष्ट प्रकारची वेदना, विकरे सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे आणि सोनोग्राफी अथवा सीटी स्कॅनमधील खुणा या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी जुळल्या, तरच डॉक्टर हे निदान करतात. म्हणून साध्या खोकल्यासाठी हौसेने लायपेज तपासून घेण्यात अर्थ नाही. आणि निदान झालेच, तरी सारा दोष विषाणूवर टाकून चालत नाही. पित्ताशयातील खडे हे स्वादुपिंडदाहाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे; मद्यपान आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी अतिशय वाढणे हीही कारणे आहेत. त्यांचा शोध घ्यावाच लागतो; अन्यथा दाह पुन्हा होतो.

मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आणखी एक फसवे वळण आहे. इन्सुलिन अपुरे पडले की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्लद्रव्ये साठतात. पोट दुखते, उलट्या होतात आणि आम्ल बाहेर टाकण्यासाठी श्वास खोल व वेगाने चालू लागतो. ज्याला आधीच धाप लागते, त्याच्या या श्वासाला घरचे लोक ‘छातीचा झटका’ समजतात, पंपाच्या मात्रा वाढवतात आणि खरा आजार मागे राहतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘फ्लोझिन’ शेवट असलेली मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांमध्ये तर साखर फारशी न वाढताही ही अवस्था येऊ शकते. उपवास, उलट्या आणि ताप हे तिला निमंत्रण देतात. ही औषधे आजारपणात व उपवासात केव्हा थांबवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र जेवण कमी झाले म्हणून ते मनाने पूर्ण बंद करू नये.

येथे पर्युषणाचा विचार टाळता येत नाही. अठ्ठाई करण्याचा संकल्प केलेली श्राविका जुनी श्वसनरुग्ण आणि मधुमेही असेल, आणि त्याच आठवड्यात तिला ताप भरला, तर काय करावे? पाणी कमी पडले की छातीतील कफ घट्ट होतो, रक्त आटते, मूत्रपिंडे मंदावतात आणि वर सांगितलेले सारे धोके वाढतात. व्रत मोडल्याचे शल्य नको, म्हणून अनेक वृद्ध त्रास लपवतात. त्यांना घरच्यांनी आठवण करून द्यावी, की पच्चक्खाणातच आगार सांगितलेले असतात, आणि देहाची पीडा अनावर होऊन समाधी ढळू लागली तर औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. पूर्वाचार्यांनी ही तजवीज दुर्बलतेला सूट म्हणून केली नसून जिवाची अनुकंपा म्हणून केली आहे. संकल्पापूर्वी महाराजसाहेबांना आपला आजार आणि औषधे मोकळेपणाने सांगावीत. उपवासाऐवजी कोणते तप झेपेल, हे तेच सांगू शकतील. रसत्याग, मौन, स्वाध्याय यांनाही तपाचेच स्थान आहे.

औषधांच्या उगमाचा प्रश्नही श्रावककुटुंबांत उभा राहतो. त्याचे उत्तर आणीबाणीच्या रात्री शोधण्यापेक्षा आधी जाणून घेतलेले बरे. इन्सुलिन पूर्वी गाय व डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. आज सर्रास वापरले जाणारे मानवी इन्सुलिन यीस्ट किंवा जिवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत तयार होते. उलट, गंभीर दाहानंतर स्वादुपिंडाची विकरे कमी पडल्यास ज्या विकरांच्या कॅप्सूल दिल्या जातात, त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. फ्ल्यूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून तयार होतात. ही माहिती दडवून कोणाचेही भले होत नाही. पर्याय कोणते आणि ते न घेतल्यास धोका किती, हे डॉक्टरांकडून समजून घेऊन प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने निर्णय करावा. जुन्या श्वसनरुग्णासाठी फ्ल्यूची वार्षिक लस आणि न्यूमोनियाची लस वैद्यकशास्त्र आवर्जून सुचवते, हेही त्या निर्णयाच्या वेळी समोर असावे. लस घ्यायची ठरल्यास ती पावसाळ्याआधी घ्यावी.

रुग्णालयात पोहोचल्यावर नातेवाइकांनी पहिल्याच वाक्यात दोन गोष्टी सांगाव्यात : रुग्णाचा श्वसनविकार किती जुना आहे, आणि गेल्या महिन्यात कोणती स्टेरॉइडे घेतली. यावर उपचाराची दिशा ठरते. स्वादुपिंडदाहात शिरेतून द्रव द्यावेच लागतात. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले, की भरमसाट द्रव देण्याने लाभ न होता शरीरात पाणी साठण्याचा धोका वाढतो. थकलेल्या फुप्फुसांना तर हे पाणी मुळीच सोसत नाही. प्राणवायूचेही तसेच. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांत प्राणवायूची पातळी ८८ ते ९२ टक्के राखणे पुरेसे मानतात. अनिर्बंध प्राणवायूने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. घरच्या यंत्राचा काटा धाप वाढली म्हणून आपल्या मनाने वर नेऊ नये, तो याचसाठी. तीव्र वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्याही अशा रुग्णाचा श्वास मंदावू शकतात.

उत्रोलीहून भोरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पण अतिदक्षता विभाग, सीटी स्कॅन आणि पोटविकारतज्ज्ञ या सर्वांची एकत्र गरज पडली, तर कापूरहोळमार्गे महामार्ग धरून पुणे गाठावे लागते. हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटरचे. पावसाळी रात्री ते आणखी लांबते. म्हणूनच पहाटेची वाट पाहत ओवा देत बसण्याला गावात अधिक मोठी किंमत मोजावी लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रुग्णाच्या औषधांची यादी, जुने अहवाल, साखरेची वही आणि सोबत कोणी जायचे याचा निर्णय ही तयारी आषाढ लागण्यापूर्वीच घरात असावी.

आजार ओसरल्यावरही काम संपत नाही. स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर काही जणांत पूर्ववत होते, काहींत मागे राहते. तीन महिन्यांनी एचबीए१सी ही सरासरी साखरेची तपासणी केल्यास ते कळते. वजन घटत राहिले, शौच तेलकट व दुर्गंधीयुक्त होऊ लागले, तर स्वादुपिंडाची पचनशक्ती कमी झाल्याची शंका घ्यावी. चुलीजागी गॅस, मिरची-मसाल्याच्या गोदामात तोंडावर फडके, पंप योग्य रीतीने ओढण्याची सवय ही फुप्फुसे जपण्याची साधी साधने आहेत, आणि फुप्फुसे जपली की स्वादुपिंडावरचा भारही हलका होतो.

घरातील थोर मंडळी आपले दुखणे क्वचितच पूर्ण सांगतात. मुलांच्या दुकानाचा खोळंबा होऊ नये, म्हणून ती गप्प राहतात. खोकणाऱ्या आजोबांना ‘धाप कशी आहे?’ असे सारे विचारतात. त्याच्याबरोबर ‘पोटात दुखते का, पाठीत जाते का?’ हेही विचारावे आणि दुपारी साखर मोजावी. प्रश्नाला अर्धा मिनिट लागतो, मोजणीला एक. पावसाळ्यातील एखाद्या रात्री या दीड मिनिटाचे मोल फार मोठे ठरू शकते.